बाळंतिणीचा हप्ता : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांस खुले पत्र

माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई, यांस



दर दोन महिन्यांनी आपल्या अध्यक्षतेखाली पतधोरण समितीचे सहा सभासद विचारविनिमयास बसतात, आणि रेपोदर वाढला, उतरला की जागच्या जागी राहिला हे आपण स्वतः देशाला सांगता, तेव्हा ते कान देऊन ऐकणाऱ्यांत शेअरबाजारातील दलाल असतात, कारखानदार असतात, गृहकर्जाचे ऋणको असतात, ठेवींच्या व्याजावर संसार चालविणारे सेवानिवृत्त लोकही असतात. परंतु ज्या घरात आठ-दहा दिवसांपूर्वी मूल जन्मास आले आहे त्या घरातील बाळंतीण ते ऐकत नाही, आणि त्या निर्णयाचा आपल्या अंगावरच्या दुधाशी काही संबंध असू शकेल ही कल्पनाही तिला शिवत नाही. तो संबंध आहे, तो निकटचा आहे, आणि तो आपल्या नजरेस आणून एक नेमकी दरखास्त आपल्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

दरखास्त अशी : ज्या स्त्रीने आपल्या नियंत्रणाखालील कोणत्याही बँकेकडून अथवा वित्तसंस्थेकडून सूक्ष्मकर्ज घेतले आहे ती बाळंत झाल्यास प्रसूतीच्या दिवसापासून सहा महिने तिच्या कर्जाचा हप्ता तहकूब राहावा, त्या तहकुबीबद्दल दंड, व्याजावर व्याज किंवा पतनोंदीवरील ठपका तिच्या वाट्यास येऊ नये, आणि तिचा हप्ता तिच्या गटातील इतर बायकांकडून वसूल केला जाऊ नये. सहा महिनेच का, आणि वरकरणी आरोग्यखात्याचा दिसणारा हा विषय रिझर्व्ह बँकेच्या दारी का आणला, हे पुढे सांगते.

अर्भकाला पाजणे ही निसर्गसिद्ध गोष्ट आहे, तेव्हा ती आपोआप घडते, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही दृढ आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात ज्याने रात्री काढल्या आहेत तो असे म्हणणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरणारे दाट, पिवळसर चीकदूध चमचा-दोन चमचेच असते. नवजाताच्या इवल्या पोटाला ते पुरेसे असते, पण घरच्या वडीलधाऱ्यांना ते पुरेसे वाटत नाही, आणि मग मधाचे बोट, गुळाचे पाणी, पातळ केलेले गाईचे दूध असे एकेक पुढे येऊ लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा जोर धरतो तेव्हा छाती दगडासारखी घट्ट होते, मूल नीट धरू शकत नाही, बोंडशीला चिरा पडतात आणि पाजायला घेतले की त्या पोरीच्या डोळ्यांतून पाणी येते. मूल वजनाने कमी असेल तर त्याला ओढण्याची ताकदच नसते. आईने दूध पिळून काढायचे आणि कोणी तरी वाटी-चमच्याने, ठसका लागू न देता, थेंबाथेंबाने भरवायचे, असे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसाच्या चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. आणि या साऱ्यामागे शरीराचा एक नियम आहे, जो अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला सहज उमगावा : दूध जितके ओढले जाते तितके उतरते. मागणी थांबली की पुरवठा आटतो. आई सकाळी सातला घराबाहेर पडून दुपारी तीनला परतू लागली, मधल्या वेळेत दूध काढून ठेवण्याची सोय व सवड तिला नसली, तर काही दिवसांतच दूध कमी होते, आणि एकदा कमी झालेले दूध परत आणणे महाकठीण असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्याचे आढळले, म्हणजे जन्माच्या क्षणी डॉक्टर किंवा परिचारिका हजर होती. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच होती, आणि सहा महिन्यांच्या आतील मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. पहिला आकडा रुग्णालयांच्या शिरस्त्याबद्दल बोलतो आणि त्याचा जाब आरोग्यखात्याला विचारला पाहिजे. दुसऱ्या आकड्यात मात्र घरची मीठ-मिरची, बाईची मजुरी आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब मिसळलेला आहे, म्हणून तो आपल्यापर्यंत येतो.

आता भावांकडे वळू. रिझर्व्ह बँक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने ग्राहक भाववाढ ४ टक्क्यांवर, फार तर दोन टक्के वर-खाली, राखण्याची जबाबदारी आपल्यावर आली. २०१२ पायाभूत असलेल्या ज्या निर्देशांकाने ही भाववाढ इतकी वर्षे मोजली गेली, त्यात खाद्यपेयांचा भार ४५.८६ टक्के होता आणि एकट्या दूध व दुग्धपदार्थांचा ६.६१. डबाबंद बालान्न व दूधपावडर यांनाही त्यात स्थान होते. आईच्या दुधाला किंमत नाही, म्हणून जागा नाही. ऑस्ट्रेलियातील अर्थशास्त्रज्ञ ज्यूली स्मिथ यांनी वर्षानुवर्षे हेच दाखवून दिले आहे की, आई पाजते तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात काहीही भर पडत नाही, आणि तिने पाजणे थांबवून पावडरची पेटी आणली की उत्पन्न वाढल्याची नोंद होते. हिशेबाच्या या उलट्या रीतीचा दोष मी आपल्या बँकेला देत नाही; पण ज्या मोजमापावर आपले निर्णय उभे आहेत ते या एका ठिकाणी आंधळे आहे, हे ध्यानात असावे.

२०२२ सालच्या जानेवारी ते सप्टेंबर या तीन तिमाह्यांत भाववाढ सहा टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे आपल्या बँकेला केंद्र सरकारकडे कारणांची कैफियत लेखी द्यावी लागली. ती जाहीर झाली नाही. त्याच वर्षी ४ मे रोजी, नियोजित बैठकीची वाट न पाहता, रेपोदर ४ वरून ४.४० टक्के करण्यात आला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेण्यात आला. त्या निर्णयांची मी टीकाकार नाही. महागाई बेफाम झाली तर तिचा पहिला घाव गरिबाच्या ताटावर बसतो, हे मला मान्य आहे, आणि बाळंतिणीचे ताट हे घरातले सर्वांत शेवटी वाढले जाणारे ताट असते. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे लागतात. आपल्याकडच्या आज्या तूप, डिंक, अळीव, खसखस, बाळंतशेपा यांची तजवीज ज्या जिद्दीने करीत आल्या तिच्यात हे ज्ञान परंपरेने मुरलेले आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची भाववाढ १०.८७ टक्क्यांवर गेली होती, भाज्या तर वर्षापूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक महागल्या होत्या, त्या महिन्यात कोणत्या वस्तीत डिंकाचे लाडू वळले गेले असतील? त्यानंतर वर्षभरात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एकूण भाववाढ ०.२५ टक्क्यांपर्यंत उतरली, आणि आपल्या दृष्टीने मध्यम मुदतीची सरासरी सावरली. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये जन्मलेल्या मुलाचे पहिले महिने त्या चढ्या भावांतच सरले. व्याजदराचा परिणाम बाजारात पोचण्यास कित्येक तिमाह्या लागतात असे आपली समितीच सांगते. तेवढ्या अवधीत ते मूल रांगून, उभे राहून चालू लागते. त्याच्यापुरती मध्यम मुदत अस्तित्वात नसते.

याच संदर्भात, २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत जी सूचना पुढे आली तिच्याविषयी माझे मत स्पष्टपणे मांडते. अन्नाच्या किमती पुरवठ्यामुळे चढतात-उतरतात, व्याजदराने त्या आवरत नाहीत, सबब भाववाढीचे उद्दिष्ट अन्न वगळून ठरवावे, असा तो विचार होता. त्यातील तर्कशास्त्र खोटे नाही. अवेळी पावसाने टोमॅटो सडला तर रेपोदर वाढवून तो पिकत नाही. तरीही उद्दिष्टातून अन्न वगळणे म्हणजे सरकारी दफ्तरातील ज्या एका आकड्यापुढे मंत्र्यांपासून बँकांपर्यंत सर्वांना उत्तरदायी व्हावे लागते, त्यातूनच या स्त्रीचे ताट उचलून बाजूला ठेवणे होय. हत्यार बोथट असेल तर दुसरे शोधावे, मोजपट्टी कापू नये, एवढीच माझी विनंती.

भाववाढ अगदी आपल्या उद्दिष्टाप्रमाणे चालली तरी काय होते, याचे एक उदाहरण देते, कारण ते सहसा कोणी मांडत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ देऊ केला. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,०००. कायद्यातला तो आकडा आजही ६,०००च आहे. वर्षाला बरोबर ४ टक्के भाव वाढले, म्हणजे आपली बँक आपल्या कर्तव्यात शंभर टक्के यशस्वी झाली, असे धरले तरी बारा वर्षांत शंभर रुपयांची वस्तू एकशे साठ रुपयांची होते. अर्थात त्या सहा हजारांची खरेदीची ताकद पावणेचार हजारांवर येते. सरकारी नोकराच्या महागाईभत्त्याला निर्देशांकाची जोड आहे, बाळंतिणीच्या रकमेला नाही. ही जोड देणे आपल्या अखत्यारीत नाही, अर्थमंत्रालयाच्या आहे. परंतु सरकारला जी लेखी मसलत आपण वेळोवेळी देता तीत हा मुद्दा एकदा तरी यावा.

रेपोदराशी थेट बांधलेल्या घरांविषयी थोडक्यात लिहिते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी गृहकर्जे बाह्य निकषाशी जोडली गेली, आणि २०२२-२३ च्या अडीच टक्के वाढीने २५ लाखांच्या, वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेसहा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर जाताना महिन्याला सुमारे ३,८५० रुपयांनी वाढला, किंवा मुदत तरी लांबली. अशा घरातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आहे. ती संपण्याआधी कामावर परतावे का, असा प्रश्न हप्ता वाढला की त्या घरातही निघतो. तरी तिच्या हाती रजेचा कायदा आहे. ज्यांच्या हाती तो नाही त्यांच्याकडे येते.

शहराच्या कडेच्या एका वस्तीत सकाळी साडेनऊच्या सुमारास गटाची मीटिंग भरते. पत्र्याच्या शेडखाली सतरंजी, तीवर बायका गटवार ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात पासबुक आणि घडी घातलेल्या नोटा. वसुलीला आलेला तरुण, ज्याला सगळ्या जणी ‘सर’ म्हणतात, तो मांडीवर टॅब ठेवून एकेक नाव पुकारतो. तिसऱ्या ओळीत बसलेली बाई बावीस-तेवीस वर्षांची, तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले मूल. तिच्या हप्त्यात तीनशे रुपये कमी पडत होते. ‘सर’ काही वावगे बोलला नाही. तो गप्प बसून राहिला, आणि एकीचा हप्ता पुरा झाल्याखेरीज कोणी उठायचे नाही हा तिथला रिवाज असल्यामुळे सगळ्या गप्प बसून राहिल्या. शेवटी चौघींनी कंबरेच्या पिशव्या सोडून तीनशे जमवले. ते देताना कोणी तिच्याकडे पाहिले नाही, आणि तिनेही मान वर केली नाही. बाहेर आल्यावर मी तिला दुधाबद्दल विचारले. ती म्हणाली, “दूध भरपूर आहे ताई. पण धुण्याभांड्याची चार घरं हातची गेली तर पुढचा हप्ता कुठनं भरू? सोमवारपासून जाते.” त्या सोमवारनंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा सासू बाटली भरत होती. पेटीवर लिहिलेले असते की, उकळून कोमट केलेल्या ३० मिलिलिटर पाण्यास एक सपाट माप पावडर. सासूने साठ मिलिलिटरला एक माप घातले, कारण ४०० ग्रॅमची पेटी लिहिल्याप्रमाणे वापरली तर चार-पाच दिवसांत संपते. पोरगे ते अर्धपोटी पाणी गटागट पीत होते आणि आई कोणाच्या तरी मोरीत भांडी घासत होती. दूध साठून तिचा पदर ओला झालेला असणार, हे मला सांगावे लागू नये.

या बाईच्या कर्जाच्या व्याजदरावर रेपोदरातल्या पाव टक्क्याचा परिणाम होतो का? जवळजवळ नाही. तिचे व्याज वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त आणि बहुधा कायम दराचे असते. रेपोदर उतरला तरी तिचा हप्ता उतरत नाही. आपल्या बँकेने सूक्ष्मकर्जांसाठी जे निदेश मार्च २०२२ मध्ये काढून १ एप्रिलपासून अंमलात आणले, त्यांनी दरावरची कमाल मर्यादा उठवली, ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाची कुटुंबे या कर्जाच्या व्याख्येत आणली, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत असा दंडक घातला. तो दंडक शहाणपणाचा आहे. पण तो कर्ज देतानाच्या उत्पन्नावर मोजला जातो. बाई बाळंत झाली, तिची कमाई थांबली, की त्याच घरात तोच हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यावरून किती वर जातो, हे पुन्हा कोणी मोजत नाही. याच निदेशांत ऋणकोच्या गरजेप्रमाणे परतफेडीचे अंतर लवचीक ठेवण्याचे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने ठरवावे, असेही कलम आहे. मी जे मागते आहे ते त्याच कलमाला जोडून बसणारे एक वाक्य आहे.

त्याला पूर्वाधार आपल्याच दफ्तरात आहे. करोनाच्या साथीत २७ मार्च २०२० रोजी आपल्या बँकेने मुदतीच्या कर्जांचे हप्ते तीन महिने तहकूब करण्याची मुभा दिली, २२ मे रोजी ती आणखी तीन महिन्यांनी वाढवली, आणि ३१ ऑगस्टपर्यंत सहा महिने देशातील लक्षावधी ऋणकोंना ती उपलब्ध राहिली. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातल्या व्याजावर व्याज न आकारण्याचा निकाल दिला. अर्भकाला निव्वळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते तो काळही सहा महिन्यांचाच. प्रसूती ही साथीसारखी अकस्मात येत नाही, साऱ्या देशावर एकदम येत नाही, तिचा दाखला सरकारी कागदावर असतो. मग जी सवलत साथीत सर्वांना देता आली ती मोजक्या स्त्रियांना, आयुष्यातील एक-दोन प्रसंगी, देण्यात अडचण कोणती?

अडचणी सांगितल्या जातील, त्यांचा विचार मी केला आहे. पहिली, खोट्या दाखल्यांची : गर्भारपणापासून माता व बाल संरक्षण कार्ड बाईजवळ असते, आशाताई आणि अंगणवाडीसेविका घरी येऊन नोंद करतात, जन्माचा दाखला मिळतो, कर्जमंजुरीसाठी जितके कागद पाहिले जातात त्याहून हा पुरावा पक्का आहे. दुसरी, संस्थेच्या नुकसानीची : शिल्लक कर्ज ३०,००० रुपये आणि दर २४ टक्के धरला तर सहा महिन्यांचे साधे व्याज ३,६०० रुपये होते. ते मुदतीच्या शेवटी जोडावे, किंवा शासनाने मातृवंदनेच्या धर्तीवर भरावे. रक्कम अशी नाही की जिच्यापायी संस्था बुडावी. तिसरी अडचण मला खरी भीतीची वाटते. सवलतीचा नियम झाला तर संस्था नवीन लग्न झालेल्या मुलींना कर्जच नाकारतील. म्हणून, बाळंतपणाच्या संभवावरून कर्ज नाकारता येणार नाही, हे त्याच परिपत्रकात लिहिले जावे, आणि त्याची तपासणी आपल्या निरीक्षकांच्या नेहमीच्या प्रश्नावलीत यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील बायकांची मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र या परिपत्रकाच्या कक्षेबाहेर राहील. उसाच्या फडाशेजारी खोपीत बाळंत होऊन पुन्हा कोयता हाती घेणारीचा प्रश्न सोडवायला साखरखाते व कामगारखाते यांनाच पुढे यावे लागेल.

कोणी म्हणेल की, आईचे दूध नसेल तर दुग्धपेढ्या आहेत. त्यांच्याविषयी मला परम आदर आहे. आपल्या कचेरीपासून फार दूर नसलेल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे इतर मातांनी दिलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, अकाली जन्मलेल्या, इवल्याशा मुलांना दिले जाते, आणि कित्येक जीव त्यावर तगले आहेत. पण ते दूध अतिदक्षता कक्षातील मुलांसाठीच पुरते. कामावर गेलेल्या आईची जागा ते भरून काढू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पावडरच्या जाहिरातींना आणि फुकट नमुन्यांना १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, तो कायदा चांगला आहे. जाहिरातीवाचूनही हप्ता बाईला पावडरकडे ढकलतो, ही गोष्ट मात्र त्या कायद्याच्या आवाक्यात नाही.

पैसा आणि बाळंतीण हे विषय एकमेकांपासून दूरचे आहेत असे ज्यांना वाटते त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राकडे पाहण्यास सांगेन. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी हिंदी चलनविषयक राजकमिशनपुढे साक्ष दिली. रुपयाची किंमत घसरते तेव्हा भाव आधी चढतात, मजुरी मागाहून चढते, आणि मधल्या काळातला तोटा श्रमिकाच्या माथी येतो, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. तेच आंबेडकर १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, आणि प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, सबब त्याचा भार मोठ्या अंशी सरकारने उचलावा, असे त्यांनी सभागृहात सांगितले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. चलनाचा मूलगामी अभ्यास करणारा माणूस गिरणीतल्या बाळंतिणीच्या विसाव्यासाठी भांडला, यात त्याला विषयांतर वाटले नाही, कारण दोन्हीकडे ज्याचे नुकसान होत होते तो माणूस एकच होता.

आपल्या हातून मोठे निर्णय व्हायचे आहेत आणि त्यांपुढे हे परिपत्रक लहान आहे, याची मला जाणीव आहे. त्याला पतधोरण समितीची बैठक लागत नाही, संसदेची मंजुरी लागत नाही. २०२२ चे निदेश ज्या अधिकारात निघाले त्याच अधिकारात, आपल्या नियमन विभागाच्या सहीशिक्क्याने, दुरुस्तीचा मजकूर निघू शकतो. मसुदा आधी हरकतींसाठी प्रसिद्ध करण्याचा आपला शिरस्ता आहे. तो प्रसिद्ध झाला तर वस्त्यांतून, अंगणवाड्यांतून आणि बालरोगतज्ज्ञांकडून हरकती व सूचना गोळा करून वेळेत पोचविण्याचे काम माझ्यासारख्या पुष्कळ जणी आनंदाने अंगावर घेतील.

उत्तराची वाट पाहते. 

आपली नम्र,
बाळंतिणींमध्ये काम करणारी एक नागरिक